इंजिन बघणं चालू आहे

खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा काकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठे, काही नाही. नुसतं "वजन किती?" मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, अंदाजे नको, नक्की सांग. माझं डोकंच फिरलं. वाशिमहून मुंबईत येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. तेवढ्यात दोन खोल्या बदलून झाल्या होत्या. एका ठिकाणी जात आडून आडून विचारली होती, दुसऱ्या ठिकाणी अंडं खाते का ते सरळच विचारलं होतं. पण वजन कुणी विचारलं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि दाराकडे वळले, तेवढ्यात आतून काकू गुडघ्यावर हात टेकत टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बस गं, ते बोटीसाठी विचारतायत.

बोटीसाठी म्हटल्यावर माणूस निर्धास्त होईल असं त्यांना का वाटलं कुणास ठाऊक. पण मी बसले. काकूंच्या आवाजात असं काही होतं की माणूस बसायचाच. मी बावन्न किलो सांगितलं. काकांनी एका वहीत ते लिहून घेतलं, वहीतच बेरीज केली आणि खूश होऊन म्हणाले, जमतंय. त्या दिवसापासून पुढची तीन वर्षं मी त्या घरात राहिले. बोरिवलीतली चार मजली जुनी सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, आणि खाली पार्किंगमध्ये, जिथे इतरांच्या गाड्या, तिथे काकांची बोट.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी मुलुंडला राहते, माझं स्वतःचं घर आहे, हप्ते आहेत, सगळं रीतसर आहे. आणि तरी रविवारी सकाळी जाग आली की पहिला विचार येतो तो, आज कुठलं इंजिन बघायला जायचंय, हाच. मग आठवतं की कुठलंच नाही. त्यानंतर चहा करावासा वाटत नाही.

बोट चौदा फुटांची. फायबरची, पांढरी, कडेने लाल पट्टा, तोही उन्हाने गुलाबी झालेला. आधी कुणा हौशी माणसाची होती. मग गोरेगावला शूटिंगवाल्यांनी घेतली. दोन-तीन सिनेमांत तिच्यातून व्हिलन पळाला, आणि शेवटी गोडाऊन रिकामं करताना भंगारात निघाली. काका तेव्हा गोरेगावातच एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला होते. जेवणाच्या सुट्टीत तंगड्या मोकळ्या करायला निघाले आणि येताना बोट ठरवून आले. बोटीच्या अंगावर बंदुकीच्या गोळ्यांची भोकं होती, म्हणजे स्टिकर होते. काकांनी सगळे काढले, एक मात्र निघेना. जोर लावला तर खालचा थर उचकटेल म्हणून तो तसाच राहिला. बोटीला इंजिन नव्हतं. ते शूटिंगवाल्यांनी आधीच कुणाला तरी विकलं होतं.

तर प्रश्न होता इंजिनाचा. मागे लटकवायचं, पाण्यात पंखा सोडायचा, आउटबोर्ड म्हणतात ते. कुणीही दुकानात गेला असता आणि घेऊन आला असता. काका साडेसहा वर्षं बघत होते. त्यातली शेवटची दोन-अडीच वर्षं मीही बघत होते.

ह्याचं कारण समजायचं तर काकांचं काम समजलं पाहिजे. तीस वर्षं ह्या माणसाने दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजले आणि नापास केले. केसाच्या जाडीइतकी चूक दिसली की लाल ठिपका. कारागीर त्यांना शिव्या घालायचे, मालक त्यांच्यावर खूश असायचा, आणि घरी आल्यावर तेच डोळे घेऊन काका जेवायला बसायचे. काकूंची पोळी उजेडात धरून बघायचे. माझ्या खोलीतला बुद्धाचा फोटो त्यांनी लेव्हल लावून टांगला, आणि भिंतच तिरकी आहे असं मला तीनदा सांगितलं. काही नीट बसलं, दार लागलं, झाकण फिरलं, की आपण खूश होतो. काका म्हणायचे, "बसतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की एकदा बस पकडताना माझ्याच तोंडून निघालं आणि कंडक्टर बघत राहिला.

आता ह्या माणसाने बोट कशाला घ्यावी? काका मूळचे माणदेशातले. त्यांच्या लहानपणी पाणी म्हणजे हंडा. पोहता येत नाही, लाँचमध्ये बसलं की ओठ पांढरे. पण काकू खाडीपलीकडच्या कोळ्यांच्या. त्याच वर्कशॉपात पॅकिंगला होत्या, पहाटेची लाँच पकडून यायच्या. दोघांचं जमलं. काका मागणी घालायला गेले तेव्हा काकूंच्या वडिलांनी त्यांना धक्क्यावरच थांबवलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ज्याला होडी चालवता येत नाही तो आमचा जावई नाही. काका मागे फिरले. लग्न इकडेच रजिस्टर झालं. काकू पुढे माहेरी जायच्या यायच्या, बाळंतपणं, बारशी, मयत, सगळ्याला. वडील वारले तेव्हाही गेल्या. काका प्रत्येक वेळी त्यांना बोरिवलीच्या जेटीपर्यंत सोडायचे आणि लाँच सुटली की घरी यायचे. चौतीस वर्षं. सासरच्या अंगणात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. टाकायचं तर स्वतः बोट चालवत जाऊन टाकायचं, काकूंना शेजारी बसवून, आणि सासूबाई आहेत तोवर. सासूबाई नव्वदीला टेकलेल्या. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नव्हतं, कान मात्र तिखट.

त्यात काकूंचे गुडघे गेले. लाँचला जायचं म्हणजे शेवाळलेल्या पायऱ्या उतरा, मग फळीवरून चाला, मग आत उडी मारा. एकदा पडल्या आणि मग बंदच झालं. भाईंदरकडून रस्त्याने बस जाते, दोन बदलाव्या लागतात एवढंच. पण काकू बसने जात नव्हत्या. का जात नाही विचारलं तर म्हणायच्या, हे नेणारायत ना बोटीने. रोज संध्याकाळी त्यांच्या आईचा फोन यायचा. मी आतल्या खोलीत असायचे, मला इकडचंच बोलणं ऐकू यायचं. हो आई. येते ना. नाही गं, अजून नाही. इंजिन बघणं चालू आहे.

मला त्या फोनचा मनस्वी राग यायचा. काकांचा यायचा. म्हातारी तिकडे वाट बघते, ही इकडे गुडघे चोळत बसते, आणि हा माणूस मधे पाना घेऊन उभा.

पण रविवारी मीच त्यांच्याबरोबर जायचे, हेही खरं. मी कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. म्हाताऱ्यांच्या कानांना हेडफोन लावायचे, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या, कळली की बटण दाबा म्हणायचं. काकांच्या मते मुंबईत इंजिन ऐकायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. मढला गेलो, वर्सोव्याला गेलो, भाऊच्या धक्क्यावरून पलीकडे उरणला गेलो. कुणाच्या तरी अंगणात इंजिन पिंपात उभं करून चालू करायचे, निळा धूर व्हायचा, आणि काका माझ्याकडे बघायचे. मला त्यातलं ढिम्म कळत नव्हतं. मी आपली कपाळाला आठी घालून म्हणायचे, मागून काहीतरी किरकिरतंय. काका एकदम खूश. बघा, म्हणालो ना. इंजिनवाला माझ्याकडे असा बघायचा की बस्स. मग आम्ही कुठेतरी उसळ-पाव खायचो आणि परतीच्या वाटेवर काका मला इंजिनातले दोष सांगायचे. इतका सुखी माणूस मी नंतर पाहिला नाही.

चाळीस हॉर्सपॉवरचं एक मिळत होतं, जुनं, टू-स्ट्रोक. जोर भरपूर, पण धूर इतका की काकूंना खोकल्याची उबळ आली असती. नापास. फोर-स्ट्रोक गुपचूप चालतं, पण जड. बोटीचा मागचा भाग खाली बसेल, नाक वर जाईल, मग पुढे वजन हवं. त्यासाठी तर मी होते. पंधराचं हलकं होतं, पण तीन माणसांना ओहोटीविरुद्ध नेईल का? त्यावर दोन पावसाळे गेले. आणि ह्या सगळ्याच्या वर साडेसतरा इंचांचं प्रकरण.

इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर बसतं. फळी उंच असेल तर लांब दांड्याचं घ्यायचं, वीस इंची. ठेंगणी असेल तर आखूड दांड्याचं, पंधरा इंची. आमच्या बोटीची फळी होती साडेसतरा. मधोमध. काकांनी ती तीन वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजली, सकाळच्या थंडीत मोजली, दुपारी उन्हात मोजली. साडेसतरा. लांब घेतलं तर पंखा फार खोल, आखूड घेतलं तर वर राहून हवा पिणार. काकूंचा भाऊ एकदा घरी आला होता, साठीचा, खाडीतच जन्म गेलेला. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, फळी कापा अडीच इंच आणि आखूड लावा, आमच्या खाडीत चिखल आहे. काका म्हणाले, फळी कापली तर मागून लाट आत येईल. भाऊ म्हणाला, लाट नाय, चिखल. काकांनी मान हलवली आणि सहा महिन्यांनी अडीच इंचांचा सागवानी तुकडा वर बसवून फळी वीस इंच केली. सांधा असा की नखसुद्धा अडकत नव्हतं.

सोसायटीतल्या लोकांनीही त्यांचा काही कमी अंत पाहिला नाही, आणि त्यांनी सोसायटीचा. सेक्रेटरी म्हणायचे, पार्किंग वाहनांसाठी आहे, ह्याला इंजिन नाही म्हणजे हे वाहन नाही. काका म्हणायचे, दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या स्कूटरचंही इंजिन चालत नाही, तिला काय म्हणता? एकदा तर तीन लाइफ जॅकेटं आली आणि ती खरंच तरंगवतात का हे बघायला काका पूर्ण कपड्यांनिशी सोसायटीच्या खालच्या टाकीत उतरले. तरंगले. दोन दिवस बिल्डिंगमध्ये कुणी नळाचं पाणी प्यायलं नाही. काकूंनी घरोघर जाऊन माफी मागितली आणि प्रत्येक घरी तळलेले बोंबील पोचवले. शाकाहारी घरांत केळी.

एका संध्याकाळी मात्र माझा तोल सुटला. फोनवर काकू नेहमीचं बोलत होत्या, काका समोर कॅटलॉग घेऊन पंख्याच्या पात्यांचा कोन बघत होते. मी ताट आपटलं आणि म्हणाले, काका, तुम्ही इंजिन बघताय की लेकीसाठी नवरा? म्हातारी किती दिवस थांबेल? काकांनी चष्मा काढला. पुसला. काकूच मला म्हणाल्या, आत जा गं तू जरा. माझ्यावर पहिल्यांदाच रागावल्या होत्या. मी रात्री रडले, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, मी काकूंची बाजू घेतली आणि त्यांनाच ते नको आहे.

मग पंधरा दिवसांनी भावाचा फोन आला की आई अंगणात घसरली, हाड मोडलं नाही पण झोपून आहे. काकांनी फोन ठेवला, शर्ट चढवला आणि दुसऱ्या दिवशी इंजिन घेऊन आले. नवं कोरं, पंचवीस हॉर्सपॉवर, फोर-स्ट्रोक, लांब दांड्याचं. हेच इंजिन त्यांनी सव्वा वर्षापूर्वी नापास केलं होतं, टाकीच्या झाकणाचा आटा किंचित घट्ट फिरतो म्हणून.

सासूबाई उठून बसायला लागल्यावर दिवस ठरला. परवाने, कागद सगळं झालं. बोरिवलीच्या जेटीवर ट्रेलर उतरवायला उतार नाही, म्हणून मार्व्याला वाळूवरून बोट पाण्यात सोडायची आणि खाडीतून वर जायचं. भावाने फोनवर सांगितलं, अष्टमी आहे, सहाची भरती, पाचला निघा आणि पाण्याबरोबर या, पाणीच आणेल तुम्हाला. काकांनी ते वहीत लिहून घेतलं.

पाचला आम्ही मार्व्याला होतो. काकूंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, कोळ्यांच्या पद्धतीने, मी त्यांना तसं पहिल्यांदाच पाहिलं. चार कोळ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवलं. मी पुढे नाकाशी, काकू मध्ये, काका सुकाणूवर. इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. आणि काकांनी इंजिनाचं पुस्तक उघडलं.

नवं इंजिन आधी जागच्या जागी इतकी मिनिटं चालवा, असं त्यात होतं. ते झालं. मग बंद करून तेल बघा. बघितलं. काकांना तेल किंचित वर वाटलं, म्हणून थंड होऊ दिलं, पुन्हा बघितलं. पुन्हा चालू, पुन्हा मिनिटं. सात वाजले. पाणी फिरलं होतं, हे मलासुद्धा किनाऱ्याच्या ओल्या रेघेवरून कळत होतं. काका म्हणाले, चला. आणि निघालो. पुढचा नियम असा होता की पहिले काही तास इंजिनाला जोर द्यायचा नाही, लिव्हर पावभरच पुढे. ज्या हॉर्सपॉवरसाठी साडेसहा वर्षं घालवली, ती आता मागे लटकत होती आणि काका तिला हात लावत नव्हते. समोरून ओहोटी. आम्ही जात होतो पुढे आणि खाडी येत होती मागे. तिवराचं एकच झाड मी पाऊण तास बघत होते. मी म्हटलं, काका, थोडं वाढवा ना. म्हणाले, रनिंग-इन आहे. काकू तोंडावर वारा घेत बसल्या होत्या.

नऊ वाजता गावाकडे जाणाऱ्या खाडीच्या फाट्यात वळलो. घरं दिसली, धक्का दिसला, धक्क्यावर माणसं दिसली, आणि मागे खर्र असा आवाज होऊन बोट थांबली. ह्या वेळी मला आवाज बरोबर कळला. लांब दांडा चिखलात गेला होता. काकांनी इंजिन बंद करून वर उचललं, वल्ह्याने रेटून बघितलं. वल्हं कोपरभर आत गेलं. दहा मिनिटांत आमच्या दोन्ही बाजूंना पाणी नव्हतं, नुसता काळा चकचकीत चिखल, आणि त्यात बारके खेकडे हिंडायला लागले.

धक्का हाकेच्या अंतरावर होता. म्हातारीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं, वर कुणीतरी छत्री धरली होती. भाऊ चिखलातून होडकं ढकलत, घसरवत आमच्यापर्यंत आला. गुडघाभर बरबटलेला. काकांकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरंच केलं. बहिणीला म्हणाला, "बाये, ह्यात बस. पाच मिन्टान आईजवल नेतो."

मला वाटलं, सुटली. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते, पण वाचत नव्हते. काकू भावाला म्हणाल्या, "पाणी येईल तेव्हा येते. तू जा, आईला सावलीत बसव." भावाने कपाळावर हात मारला आणि चहाचा थर्मास, तळलेली मासळी आमच्या हातात देऊन होडकं घसरवत परत गेला.

सात तास आम्ही त्या चिखलात होतो. सात. बायकांची त्यात काय काय पंचाईत होते ते विचारू नका. ऊन डोक्यावर आलं, माशा आल्या. पण एक झालं. म्हातारीने तिकडून हाक मारली, काकूंनी इकडून ओ दिली, आणि मायलेकी बोलायला लागल्या. आधी जोरजोरात, मग सवयीने. कुणाची सून पळाली, कुणाचं गलबत विकलं, सोडे कुणाकडचे घ्यायचे, मेलेल्या मावशीच्या पाटल्या कुणी घेतल्या. मधल्या चिखलावरून सगळा गाव ऐकत होता, मधेच धक्क्यावरचं कुणीतरी दुरुस्ती करत होतं. काकू हसत होत्या, डोळे पुसत होत्या, परत हसत होत्या. मी बोंबील खात बसले. माझी आई वाशिमला. तिच्याशी मी आठवड्यातून एकदा चार मिनिटं बोलायचे, तीही घाईत. त्या दुपारी मला तिची इतकी आठवण आली की हातातला बोंबील मी तसाच ठेवून दिला.

काका मात्र सगळा वेळ मागच्या फळीकडे बघत होते.

चार वाजता बोट हलली. आधी एका कुशीवर, मग नीट. पाणी गुपचूप आलं होतं. काका उठले, इंजिन खाली सोडलं आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, "भावाला बोलाव. तू त्याच्याबरोबर जा. मी इथूनच परत फिरतो."

काकूंनी विचारलं, का?

"तुझे वडील बरोबर बोलले होते. मला होडी चालवता येत नाही."

काकूंनी थर्मासचं झाकण लावलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाबा ते सगळ्यांनाच म्हणायचे. मासळी न्यायला येणाऱ्या शेटला म्हणायचे, पोस्टमनला म्हणायचे, होडी चालवता येत नाही तो आमचा जावई नाही. पोस्टमन हसायचा आणि पत्र देऊन जायचा. तुम्ही एकटेच मागे फिरलात. आठवडाभर बाबा विचारत होते, तो पोरगा परत का नाही आला."

मी खाली खेकडे शोधायला लागले. तिसऱ्या माणसाने अशा वेळी कुठे बघायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

काका कसंबसं म्हणाले, "चौतीस वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? एका रविवारी बसने आला असतात. ओटीवर चहा प्यायला असतात, कपाला चीर आहे म्हणाला असतात आणि घरी आला असतात. आईकडे मी कशीही गेले असते हो. बस आहे, भाऊ आहे." काकूंनी लुगड्याचा पदर खांद्यावर घट्ट ओढला. "दुसऱ्यांच्या कामात चुका काढण्यात जन्म गेला तुमचा. स्वतःचं म्हणून काहीच कधी पुरं केलं नाहीत, भीतीने. मला एकदा तुम्हाला कुठेतरी पोचलेलं बघायचं होतं."

दोन-अडीच वर्षं मी काकूंची बाजू घेऊन काकांवर चिडत होते, आणि ती बाजू मला कळलीच नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली.

काका सुकाणूवर बसले. इंजिन सुरू केलं. सवयीने हात पुस्तकाकडे गेला. काकूंनी ते उचललं, मिटलं आणि त्यावर बसल्या. म्हणाल्या, "आता सारा पुढे."

काकांनी लिव्हर पुढे सारली. पावभर नाही. पूर्ण. इंजिनाने मागे जी आरोळी दिली ती मी कुठल्याच अंगणात ऐकली नव्हती. नाक उचललं गेलं, मी पुढे वाकले, ते खाली आलं आणि बोट सुसाट निघाली. हाकेचं तर अंतर, काकांनी मुद्दाम मोठा वळसा घेतला, खाडीच्या पार त्या काठापर्यंत. पाण्याचे फवारे दोन्हीकडे उडत होते. काकूंच्या केसांचा अंबाडा सुटला. धक्क्यावरची पोरं नाचायला लागली. काका हसत नव्हते, त्यांचं तोंड नुसतं उघडं होतं, लहान मुलाचं असतं तसं. दोन मिनिटं असेल सगळं मिळून. माझ्याकडे आज बऱ्याच गोष्टी आहेत. मला ती दोन मिनिटं परत हवी आहेत, बाकी काही नको.

म्हातारीला दिसत नव्हतं, पण इंजिन ऐकू येत होतं. बोट धक्क्याला लागेपर्यंत ती खुर्चीतून उठून उभी होती, दोघांनी दोन्हीकडून धरलेली. भाऊ काकूंना घ्यायला वाकला, पण म्हातारीचा हात दुसरीकडेच वळला. चाचपत चाचपत तिने काकांचं मनगट पकडलं. सुरकुतलेला, थंड, लहानसा हात. वरून तोंड खाली करून म्हणाली, "लय उशीर केलात जावयबापू."

काकांनी तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, आता आलं. उशिराची कारणं त्यांच्याजवळ नेहमी तयार असायची, मिनिटांसकट. तेल होतं, रनिंग-इन होतं, साडेसतरा इंच होते. त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"हो आई," काका म्हणाले. "झाला खरा."